अलार्मबाई आणि कमी पडलेला कॅप्टन

विमान कंपनीच्या ड्यूट्या लावणाऱ्या खोलीत त्या एकोणीस वर्षं बसत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या फोनला खुशीने उत्तर देणारा वैमानिक काही त्यांना भेटला नव्हता. भेटणार तरी कसा? त्यांचा फोन म्हणजे सुट्टीवर पाणी. कोणी अंगाला साबण लावून उभा, कोणी मुलीच्या शाळेच्या फाटकात, आणि नेमका तेव्हाच यांचा गोड आवाज: "कॅप्टन, जरा येता का?" वैमानिकांनी त्यांना अलार्मबाई असं नाव पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि घरी नवऱ्याला त्या स्वतःच हसत सांगायच्या.

त्या सकाळी मात्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं. सात वाजून दहा मिनिटांनी एका कॅप्टनने कळवलं की पाठ धरली आहे, पलंगावरून उठता येत नाही. विमान साडेनऊचं, माणसं एकशे बहात्तर. बाईंनी पडद्यावरची यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. उठून खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन बसल्या. राखीव ठेवलेले दोन्ही कॅप्टन पहाटेच खर्ची पडले होते. आणखी एकाची सक्तीची विश्रांती सव्वादहाला संपणार होती, आणि त्याआधी त्याला ड्यूटीसाठी नुसता फोन केला तरी विश्रांती मोडली असं धरतात. उरले मिशीवाले कॅप्टन. ते शिकवणारे. नऊ वाजता एका नव्या सहवैमानिकाला ते सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीला खिळलेल्या खोट्या कॉकपिटमध्ये, शेवटचा धडा देणार होते.

तो नवा सहवैमानिक म्हणजे बाईंचा मुलगा.

या पठ्ठ्याने बाविसाव्या वर्षी परवाना मिळवला आणि पुढची चार वर्षं कंपन्यांचे उंबरठे झिजवले. पेपरात अधूनमधून बातमी यायची, वैमानिकांची टंचाई, आणि बातमी आली की धाकट्या जावेचा फोन ठरलेला. "ताई, विमानं नुसती उभी आहेत म्हणे, चालवायला माणूस नाही. मग आपला मुलगा घरात कसा?" बाई आधी आधी समजावून सांगायच्या. कमी आहेत ते कॅप्टन, डावीकडच्या खुर्चीतले. उजवीकडे, सहवैमानिक म्हणून बसायला तर ही रांग लागली आहे. पण उजवीकडच्याला तयार करायला डावीकडचाच लागतो, आणि तो बिचारा रोज कुठलं तरी भोक बुजवायला पळत असतो. जाऊबाई "हो का?" म्हणायच्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायच्या. शेवटी बाईंनी समजावण्याच्या बाबतीत कानाला खडा लावला.

मग गेल्या वर्षी याच कंपनीने त्याला घेतलं. बाई लगेच साहेबांकडे गेल्या. "माझ्या मुलाचं वेळापत्रक मी लावणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"द्यायला दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले. तिथेही टंचाईच.

शेवटचा धडा दोनदा रद्द झाला होता. दोन्ही वेळा शिकवणारा ऐनवेळी उड्डाणावर गेला, आणि त्याला पाठवणाऱ्या अर्थात बाईच. आज मुदत संपत होती. आज धडा झाला नाही तर मुलाची तुकडी पुढे जाणार आणि हा पुढच्या तुकडीत पहिल्यापासून. पुढची तुकडी कधी? शिकवणारे मोकळे झाले की.

सात पस्तीसला साहेब दारात उभे राहिले. "धडा कोणाचा आहे ते मला दिसतंय. काय करायचं ते मी सांगणार नाही. विमान रद्द करायचं तर तसं बोला, वरच्यांना मी तोंड देईन. दहा मिनिटांत कळवा."

हा भला माणूस सरळ हुकूम सोडता तर बरं झालं असतं! त्या दहा मिनिटांत बाईंनी यादी आणखी दोनदा पाहिली. चहा मागवला, तो तसाच निवला. एकदा वाटलं, जाऊ दे, एक विमान रद्द झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. फोनकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. मग आठवली गेल्या महिन्यातली ती मुलगी. तिचा धडा असाच काढून घेतला तेव्हा ती म्हणाली होती, "मॅडम, पुन्हा?" आणि बाई "सॉरी हं" म्हणून पुढच्या फोनला लागल्या होत्या. तिच्या वेळी दहा मिनिटं विचार कोणी केला होता? बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी नंबर लावला. "कॅप्टन, जरा येता का?"

मिशीवाले म्हणाले, "बाई, अहो, आज तुमच्याच..."

"माहीत आहे. निघा तुम्ही."

धडा रद्द झाल्याचं शिकणाऱ्याला कळवायचं कामही त्यांचंच. मुलाने पहिल्या रिंगला फोन घेतला. "आई, मी पोचलोसुद्धा! ते यायच्या आत जरा बटणांवरून हात फिरवून घेतो."

"धडा रद्द झालाय रे, राजा."

तो म्हणाला, "कोणी केला?"

"मी."

रीत ती रीत, रद्द करण्याचं कारणही कळवावं लागतं. पडद्यावर ठरलेली कारणं होती, त्यातलं लागू पडणारं त्यांनी वाचून दाखवलं. "कारण: वैमानिक उपलब्ध नाही."

"मी आहे की, आई," तो म्हणाला. "केव्हाचा येऊन उभा आहे."

रद्द करण्याचं कारण निवडल्याशिवाय पडदा पुढे सरकत नव्हता, म्हणून बाईंनी तेच निवडलं.