एकच झाड, तेही नर

नर्सरीवाल्याने मला फसवलं. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गच्या गोदामांत मालाची पॅलेटं उचलण्यापासून सुरुवात करून आज मी मालवाहतुकीच्या तीन व्हॅनचा मालक आहे. तेवढ्या वर्षांत मला एवढाच एक माणूस पुरून उरला.

आई पहिल्यांदा मेलबर्नला आली, तेव्हा विमानतळावर तिची शिकेकाई काढून घेतली. बियांसकट शेंगा चालत नाहीत म्हणे. तीन महिने ती शाम्पूने केस धुऊन नाक मुरडत राहिली. "शेंगा असतील तरच पुन्हा येईन," असं सांगून परत गेली.

नर्सरीत एक चिनी झाड मिळालं. शिकेकाईच्याच भाऊबंदांतलं. खोडावर बोटभर काटे, आणि त्याच्या शेंगांनी तिकडच्या बायका पूर्वी केस धूत. म्हातारा नर्सरीवाला म्हणाला, "तीन घे, मेट. यात नर-मादी वेगळी असतात. फुलं येईपर्यंत मलाही ओळखू येत नाहीत. एकट्या झाडाला शेंगा धरायच्या नाहीत."

तीन घे! हे वाक्य मी पुण्यात साड्यांच्या दुकानात लहानपणापासून ऐकलंय. मी भडकलो. "एकच देणार असशील तर दे, नाहीतर चाललो," म्हणत दारापर्यंत गेलोसुद्धा.

आता रीत काय आहे? गिऱ्हाईक दाराशी पोचलं की दुकानदाराने हाक मारायची. "अहो साहेब, या इकडे, तुमचं नाही माझं नाही, दोन घ्या." मग आपण तोंड वाकडं करून दोन घ्यायची. मी पावलं मुद्दाम हळू टाकली होती.

तो म्हणाला, "नो वरीज," आणि एक रोप हातात दिलं.

नऊ वर्षं झाली. झाडाने माझे चार शर्ट फाडले आणि शेजाऱ्याचे सगळे फुटबॉल फोडले. यंदा फुलं आली, मधमाश्या आल्या, फुलं गळून गेली. नर निघालं.

"अरे, शेंगा धरल्या का?" आई दर रविवारी फोनवर विचारते. ती आता ऐंशीची आहे. नवं रोप लावलं, तर अजून नऊ वर्षं.

बायको म्हणते, "त्याने सांगितलं होतं ना तुला?"

सांगितलं होतं; पण एकदाच! खरं बोलणारा माणूस एकदा सांगून गप्प बसतो का? मी दारात उभा होतो, तेव्हा त्याने हाक का मारली नाही? येत्या रविवारी फोन मी त्याच्या हातात देणार आहे. आईला उत्तर त्यानेच द्यावं.