वहिनी आणि पाऱ्याची बादली

वाळू धुऊन सोन्याचे कण काढायचे, हाच त्या घरचा धंदा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हातात लाकडाची काथवट दिली आणि एकच नेम सांगितला, "कण आपले, बाकी नदीचं नदीला." धुतलेली वाळू, पाणी, सगळं परत डोहात. वहिनी एरवी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, पण हा नेम तिने जन्मभर पाळला.

पुढे धाकट्या दिराने पाऱ्याची बाटली आणली. पारा वाळूतले कण चटकन गोळा करायचा. काथवट गेली खुराड्यात, कोंबड्यांना दाणे टाकायला. नेम तेवढा राहिला. पाऱ्याचं गढूळ पाणीही डोहातच जायचं.

डोहात पाणमांजराची एक मादी होती. अशी झडप घालायची की बगळ्याने लाजावं. यंदा काठावर आली तर चाल वाकडी, पंजे थरथरत. पुढ्यातला मासा धरता येईना.

"वय झालं तिचं," दीर म्हणाला. "तुझ्यासारखंच."

"मेल्या, गेल्या साली पिल्लं होती तिला!"

त्यात वहिनीच्या सुनेला दिवस गेलेले, आणि डोहाळे माशाचेच. तिला तपासायला आलेल्या नर्सबाई सांगून गेल्या, पारा गाळात मुरतो, तिथून बारक्या माशांत, बारक्यांतून मोठ्यांत. खाणाऱ्याच्या मेंदूला धरतो, पोटातल्या बाळालाही सोडत नाही.

वहिनी उठली ती थेट काठावर गेली आणि ओतायच्या जागी फतकल मारून बसली. दीर बादली घेऊन आला.

"वहिनी, सरक."

"ओत माझ्या डोक्यावर."

"अगं, नदीचं नदीला, तूच म्हणतेस ना?"

"पारा नदीने दिला होता का तुला? बाजारातून आणलास तू."

दिराने बादली खाली टेकवली. "मग खायचं काय? तुझा हट्ट?"

"ती बादली झाकणाच्या पिंपात रिकामी कर. नर्सबाई माणूस पाठवणार आहेत न्यायला. आणि काथवट आण."

दीर काथवट घेऊन आला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "कोंबड्यांनी टोचून टोचून खड्डे पाडलेत हिला."

"बरंच झालं. कण अडकतील."

गाळात मुरलेला पारा काही माघारी येणार नव्हता, हे वहिनीला कळत होतं. पलीकडच्या काठाला पाणमांजर अंग टाकून पडलेली. तिच्याकडे एकदा बघून वहिनीने काथवट वाळूने घासली, पाण्यात बुडवली.

"बघत काय उभा राहिलास? दुसरी काथवट करायला टाक. घरात खाणारं तोंड वाढतंय, एकीने भागायचं नाही."