पंप रिकामा होता

भूतंखेतं, चकवा... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी इंजिनात हात घालणारा माणूस. इंजिन तापलं तर कारण असतं, बंद पडलं तर कारण असतं. तरी ही गोष्ट आजवर घरातही सांगितली नाही, कारण त्यात लाज माझीच आहे.

९८-९९ची गोष्ट. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी आमचा शेवंतीचा मळा. मी आणि चुलत भाऊ भास्कर, दोघांत मिळून एक सेकंडहँड डिझेल बोट. रस्त्याने वळसा मोठा, म्हणून फुलं बोटीने पलीकडे न्यायची आणि तिथून टेम्पोने बाजारात. बोटीचा मिस्त्री नाशकात कुठून आणणार? सगळं घरीच करायचो. एक्झॉस्टमधली काजळी खरवडायची, जुन्या लग्नपत्रिका कापून गॅस्केट करायचं. इंजिन थंड राहावं म्हणून एक छोटा पंप धरणाचं पाणी आत ओढतो आणि तेच पाणी मागे एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. त्या पंपात रबरी पात्यांचं चाक असतं — इंपेलर. तो नसेल तर पाच-सात मिनिटांत एक्झॉस्टचा रबरी पाइप जळालाच म्हणून समजा.

त्या हिवाळ्यात सकाळी बोटीवर गेलं की एक्झॉस्ट कोमट लागायचा. चार-पाच वेळा झालं. म्हणजे रात्री कुणीतरी इंजिन चालवत होतं. किल्ल्या दोनच, एक माझी, एक भास्करची. माझ्या मनात पाल चुकचुकली. डिझेल तेवढंच दिसायचं, तर वाटलं, पठ्ठ्या गुपचूप भरून ठेवतो. सरळ विचारायचं सोडून मी त्याच्या चपलांचा चिखल न्याहाळत बसायचो.

शेवटी सापळा लावला. एका संध्याकाळी पंप उघडला, इंपेलर काढून खिशात घातला, झाकण होतं तसं बसवलं आणि कुणी उघडलं तर कळावं म्हणून स्क्रूंवर बायकोचं नेलपॉलिश लावलं. म्हटलं, आता चोर आपोआप सापडेल.

सकाळी सातला मळ्यात होतो, तर इंजिनचा आवाज. धावत काठावर आलो. भास्कर निघालेला, आणि बोटीत त्याची आई, माझी काकू, घोंगडी पांघरून आडवी. तिच्या छातीत कळ आली होती, हे भास्करच्या बायकोने तिथे सांगितलं. मी बोंबललो, पण इंजिनापुढे काय ऐकू जाणार. हात खिशात गेला... इंपेलर खिशातच होता.

बोट मधोमध गेली. धूर नाही. मागून एक्झॉस्टचं पाणी भकाभक पडत होतं, नेहमीसारखं. वीस मिनिटांत ती पलीकडे लागली.

काकू वाचली. संध्याकाळी भास्कर त्याच बोटीने परतला. स्क्रूंवरचं नेलपॉलिश जसंच्या तसं. मी त्याच्यादेखत नाही, तो घरी गेल्यावर पंप उघडला. रिकामा.

दुसऱ्या दिवशी धीर करून त्याला कोमट एक्झॉस्टचं विचारलं.

"मलाबी लागायचा गरम," तो म्हणाला. "वाटलं, दादा नेत आसल बोट कामाला. त्यात तुला काय इचारायचं?"

इंपेलर आधीच परत बसवला होता. त्यानंतर एक्झॉस्ट सकाळी कधी कोमट लागला नाही. दोन-चार जाणकारांना आडून विचारून पाहिलं, सगळे हसले. ते पाणी कशाने चढलं, मला आजही कळलेलं नाही.

काकू पुढे बरीच वर्षं जगली. आल्यागेल्याला सांगायची, दोघा भावांनी बोट एवढी जपली म्हणून मी आज आहे. मी शेजारी बसून ऐकायचो.