राणीच्या आधी पाय धुणारी

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी आमची राणी तेरा गरिबांचे पाय धुते, पुसते आणि वाकून त्या पायांचा मुका घेते. मठातले साधू ते दरवर्षी पोथीत लिहितात. राणीपुढे येण्याआधी ते पाय कोण धुतं, हे मात्र कुठल्या पोथीत नाही. गुनिल्ड धुवायची. वीस वर्षं तिनं धुतले.

गुनिल्ड आणि मी, दोघी गडावरच्या परटिणी. त्या गुरुवारी पहाटेच तेराजणांना मागच्या अंगणात बसवायचं. आधी राखेचं पाणी, मग कोमट पाणी, शेवटी सुगंधी पाला टाकलेलं पाणी. भेगांतली माती काडीनं कोरून काढायची. ज्याच्या पायाला फोड किंवा जखम असेल त्याला पादरी परत धाडायचा. गुनिल्ड म्हणायची, "पापं धुवायला देव हाय. शेण आपल्यालाच धुवावं लागतंय."

तिची जीभ अशीच होती. नवरा गिरणीच्या तळ्यात बुडाला, तेव्हाही ती चारचौघींत रडली नाही. दुसऱ्या दिवशी धोपाटणं घेऊन ओढ्यावर हजर. पदरी एकच पोरगा, एलविन. ढोरं राखायचा, शीळ फार गोड घालायचा.

त्या वर्षी हिवाळा हटता हटेना. जंगलात लांडग्यांनी अर्धं खाऊन टाकलेलं हरीण एलविनला दिसलं. त्यानं एक मांडी कापून घरी आणली. मेलेलं असलं तरी हरीण राजाचं, जंगलही राजाचंच. हरणाला हात लावणाऱ्याचे डोळे काढतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. एलविनला गडाच्या तळघरात कोंडलं. ईस्टर होईपर्यंत कुणाला शिक्षा देत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरचा मंगळवार ठरला.

गुनिल्डला दुसरी वाट नव्हती. राणी वर्षातून एकदाच गरिबापुढं गुडघे टेकते, इतकी जवळ येते की तिचा श्वास पायाला लागतो. तेव्हाच तिच्या कानावर घालायचं. पण परके राजे येऊन इतकी वर्षं झाली तरी दरबारात आमची भाषा चालत नाही. मग गुनिल्डनं गडाच्या आचाऱ्याला गाठलं. तो त्यांच्याच मुलखातला. त्यानं तिला एकच वाक्य शिकवलं, माझ्या लेकाचे डोळे वाचवा. दोन आठवडे ओढ्यावर ती तेच घोकत होती, धोपाटण्याच्या एकेका ठोक्याला एकेक शब्द. आचारी म्हणायचा, अंडं अडकलेली कोंबडी बरी बोलेल. पण शेवटी तोही म्हणाला, आता कळेल.

तेरांत म्हातारी गोडिथ होती. तिला पनीरचा अख्खा गोळा देऊन गुनिल्डनं तिची जागा घेतली आणि कपाळापर्यंत फडकं ओढून बसली. त्या दिवशी तिचे पाय मी धुतले. वीस वर्षं ओढ्यात उभं राहून ते पांढरेफटक पडले होते, धुवायला काही उरलंच नव्हतं. मी उगीच पाणी घालत राहिले.

नंतरचं मी पंचे धरून दारात उभी होते तिथून पाहिलं. राणी चांदीच्या घंगाळापुढं बसली, तिनं गुनिल्डचा पाय हातात घेतला. बाकावर कुणी तोंड उघडायचं नाही, असा नियम. गुनिल्ड ते वाक्य बोलली. स्पष्ट, एकही शब्द न चुकता. पादरी दोन पावलं पुढं आला, राणीनं हातानंच त्याला थांबवलं. तिचे डोळे भरून आले. ती हळू आवाजात काहीतरी बोलली, गुनिल्डच्या पायावर ओठ टेकले आणि पुढच्या पायाकडं सरकली.

गुनिल्ड मागायला शिकली होती, उत्तर समजून घ्यायला शिकली नव्हती.

राणीचे ते शब्द तोंडात गच्च धरून ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि कानी पडले तसे आचाऱ्यापुढं टाकले. तो कणीक मळत होता. मान वर न करता म्हणाला, "चांगलंच बोलल्या असतील." पुन्हा विचारलं तर म्हणाला, नीट उमगत नाही.

चार दिवस तिनं वाट पाहिली. एलविनसाठी कोरा सदरा शिवला. गावात बातमी पसरली होती की राणीचे आसू गुनिल्डच्या पायावर पडले. बाया येऊन त्या पायाला हात लावून जायच्या, एक तर आजारी लेकरू घेऊन आली. मंगळवारी दुपारी एलविनला घरी आणून सोडलं. डोळ्यांवर फडकं होतं. सदरा तिनंच त्याला घातला.

आचारी पुढं एकदा मला म्हणाला, त्याला सगळं कळलं होतं. राणी म्हणाली होती, जंगल राजाचं आहे, माझं नाही. "सांगून काय केलं असतं?" असं त्यानं मलाच विचारलं. मीही गुनिल्डला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी पादऱ्यानं तेरांत एलविनला घेतलं. आंधळा तरणा पोरगा बाकावर शोभून दिसतो, असं त्याचं म्हणणं. गुनिल्डनं अंगणात लेकाचे पाय धुतले. राखेचं पाणी, कोमट पाणी, पाल्याचं पाणी, एकही सोडलं नाही. मग आत राणीनं धुतले.

मोकळा झाल्यावर तो आईच्या खांद्याला धरून बाहेर आला. दानाचं कापड त्याच्या काखेत होतं.

"आये, राणी दिसती कशी गं?" त्यानं विचारलं.

त्याला अंगणात बसवून गुनिल्ड घंगाळ घासायला लागली होती. "रडती चांगली," ती म्हणाली आणि गढूळ पाणी तिनं मोरीत ओतलं.