छातीतला डाग

डॉक्टरांनी माझा एक्स-रे स्क्रीनवर लावला आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या कोपऱ्यावर पेन टेकवलं. "इथे कॅव्हिटी आहे." कॅव्हिटी म्हणजे फुप्फुसात पडलेली पोकळी. मला आजवर फक्त दाढेतली कॅव्हिटी माहीत होती. मग ते म्हणाले, "अ‍ॅक्टिव्ह टीबी." म्हणजे जंतू शरीरात नुसते झोपलेले नाहीत. ते जागे आहेत आणि खोकल्यावाटे दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

आमच्या कोल्हापुरात याला 'छातीत डाग आहे' म्हणायचे, तेही आवाज खाली करून. समोरच्या घरातल्या मावशींना असा डाग निघाला, तेव्हा आईने त्यांची कपबशी वेगळ्या फळीवर ठेवली होती. ती फळी मला डॉक्टरांच्या खोलीत लख्ख दिसली.

"पण डॉक्टर, माझं घर अगदी स्वच्छ असतं," मी म्हणाले. खरंच, हेच म्हणाले. अमेरिकेत वेस्ट विंडसरमध्ये घर, औषधांच्या कंपनीत नोकरी, शनिवारी योगा, आणि मला टीबी? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "याचा स्वच्छतेशी संबंध नाही. लहानपणी कधीतरी शिरलेले जंतू वर्षानुवर्षं झोपून राहतात. मग एखाद्या दिवशी उठतात."

खोकला उन्हाळ्यापासून होता. संध्याकाळी बारीक ताप यायचा, कपडे सैल झाले होते, त्याचं श्रेय मी डाएटला देऊन मोकळी झाले होते. त्यातून आमच्या मंडळाचं गणपतीचं नाटक. मला काम होतं खोकणाऱ्या सासूचं. "अनघा, काय नॅचरल खोकतेस यार!" असं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तालमी माझ्या मैत्रिणीच्या, प्राजक्ताच्या बेसमेंटमध्ये चालायच्या. तिची सई तेव्हा रांगत होती. माझा प्रवेश नसला की ती माझ्या मांडीवर झोपायची.

डाग ऐकल्यावर मला आधी सई आठवली. तरी मी गप्प बसले. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

घरातल्या एका खोलीत माझी रवानगी झाली. नवरा, श्रीकांत, दाराबाहेर ताट ठेवायचा. नाटकाच्या ग्रुपवर मी टाकलं, 'स्लिप डिस्क झालीय, काम कॅन्सल करतेय.' पाठीच्या दुखण्यात कसली अब्रू जाते?

काऊंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याची नर्स, नोरा, रोज यायची. आम्ही घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर लांब लांब बसायचो. उपचाराच्या या पद्धतीला डॉट म्हणतात. गोळ्या नर्सच्या डोळ्यांदेखत गिळायच्या, कारण बरं वाटू लागलं की लोक त्या सोडून देतात. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बंद खोलीत कोणाबरोबर बराच वेळ बसली होतीस? नावं गुप्त राहतात."

"नवरा. बाकी मी घरूनच काम करते," मी म्हटलं.

त्या गोळ्यांपैकी रिफॅम्पिन नावाच्या गोळीने लघवी, घाम, अश्रू, सगळं नारिंगी होतं. तीही नोराच्या नजरेसमोर घ्यायची. एके दिवशी मी वैतागून म्हणाले, "मी काय कैदी आहे?"

नोरा हसली. "कैद्यांचं मला नको सांगूस. माझे खापरपणजोबाच कैदी होते."

नोरा मूळची टास्मानियाची, ऑस्ट्रेलियाच्या खालच्या बेटावरची. गोळ्या पोटात टिकेपर्यंत ती थांबायची, आणि तेवढ्यात त्या खापरपणजोबांची, मायकेलची, गोष्ट रोज थोडी थोडी सांगायची. मायकेल आयर्लंडचा. बटाट्याचं पीक कुजून लोक उपाशी मरत होते, त्या काळात त्याने एक मेंढी चोरली. शिक्षा, सात वर्षं समुद्रापार. म्हणजे आपल्याकडचं काळं पाणीच. महिनोन् महिने जहाजाच्या पोटात, मग बेटावर पायात बेड्या घालून रस्त्यासाठी दगड फोडणं. उलट बोलला म्हणून चाबकाचे फटके. शिक्षा संपली, पण परतीचं भाडं कोण देणार? तो तिथेच राहिला, लग्न केलं, मेंढ्याच पाळल्या. मुलांना सांगितलं, "मी खलाशी होतो." भर उन्हाळ्यातही त्याने कधी सदरा काढला नाही. "बापाला थंडी वाजते, असं मुलांना वाटायचं," नोरा म्हणाली.

मला मायकेल आवडू लागला होता. त्याची खलाशाची थाप मला फार शहाणपणाची वाटायची. का ते सांगायला नको.

याच सुमारास प्राजक्ता आमच्या दाराशी सूप ठेवून जायची. "पाठ शेकत जा," असा मेसेज यायचा. एकदा तिने खालूनच हाक मारली, "अगं, सईला घेऊन दोन मिनिटं वर येऊ का? ती तुला मिस करते." मी खिडकीतून "नको, नको!" अशी ओरडले, की ती दचकलीच. मग तिचा व्हॉइस मेसेज आला. सईचा ताप उतरत नाही, डॉक्टर व्हायरल म्हणतायत.

मी तो तीनदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी नोरासमोर मुकाट्याने गोळ्या गिळल्या.

त्या दिवशी नोराने पुढचं सांगितलं. एक नवा माणूस त्या बेटावर जमीन घ्यायला आला होता, मायकेलच्याच गावचा. त्याने ओळखलं. "मायकेल ना? तुझ्या आईचा निरोप आहे." मायकेलची मुलं शेजारीच उभी होती. तो म्हणाला, "तुमची काहीतरी चूक होतेय. मी खलाशी आहे." माणूस माफी मागून निघून गेला.

"निरोप काय होता?" मी विचारलं.

"कोणाला ठाऊक! त्यालाही कधी कळलं नाही. मायकेल वारल्यावर मुलीने अंघोळ घालायला सदरा काढला, तेव्हा पाठीवरचे वळ दिसले. आमच्या घरात त्या कैदेला द स्टेन म्हणायचे. तेही हळू आवाजात."

स्टेन. डाग. मला रडू फुटलं. नारिंगी रडू. "नोरा, एक बाळ आहे," मी म्हटलं.

नोरा खुर्चीवरून उठलीच. रागावली नाही. "नाव सांग. वय सांग. ताप कधीपासून?" एवढंच.

खात्याचा फोन जायच्या आधी मी स्वतः प्राजक्ताला फोन केला. सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "टीबी काय, कुणालाही होतो गं. पण तू डिस्क म्हणालीस. मी तुला पाठ शेकायला सांगत होते." आणि फोन ठेवला.

सईचा ताप कानाच्या इन्फेक्शनचा निघाला. पण हातावरच्या टीबीच्या स्किन टेस्टची जागा फुगून आली. एक्स-रे स्वच्छ होता. याला लेटंट टीबी म्हणतात. जंतू शिरलेत, पण झोपलेत. चार महिने रिफॅम्पिनचं सिरप. "लवकर कळलं हे बरं झालं," तिच्या डॉक्टर म्हणाल्या. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आणखी लवकर कळू शकलं असतं. नाटकातल्या बाकी सगळ्यांच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. खोकणाऱ्या सासूचं काम मंडळाने कापून टाकलं.

तुम्हाला कधी असा रिपोर्ट मिळाला, तर रडा, देवाला बोल लावा, हवं ते करा. पण ज्यांच्या शेजारी बसून खोकलात, त्यांना त्याच दिवशी सांगा. हा आजार गोळ्यांनी बरा होतो. मी बरी झाले. नोराचे, तिच्या त्या खलाशाचे माझ्यावर उपकार आहेत.

माझ्या थुंकीच्या तपासण्या स्वच्छ आल्या आणि मला खोलीबाहेर पडायची परवानगी मिळाली, पण गोळ्या अजून चालू होत्या. प्राजक्ताचा फोन नाही, मेसेज नाही. एका रविवारी, नोराच्या सुट्टीच्या दिवशी, बेल वाजली. दारात ती, कडेवर सई, चेहरा घट्ट. "सिरप घेताना फार रडते," ती म्हणाली. "तुझ्यासमोर घेईल का बघते. तूही घेतेसच ना?"

मी सईसमोर माझ्या गोळ्या गिळल्या. तिने डोळे मोठे करून पाहिलं, मग चमचाभर सिरप पोटात गेलं आणि ती भोकाड पसरून माझ्या अंगावर कलंडली. माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर तिच्या डोळ्यांतलं नारिंगी पाणी उमटलं.

"अगं, डाग पडला," प्राजक्ता पुढे होत म्हणाली. "आत्ताच धू, नाहीतर जाणार नाही."

"राहू दे," मी म्हटलं, आणि सईला थोपटत राहिले.