सरपंचांचा पंप आणि आमचा लीडर

माझ्या घरात राहून गेलेल्या माणसांत त्याच्याइतका डोकं खाणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि यात मी माझा नवराही धरते. नवरा निदान जेवताना गप्प बसायचा. हा ताटातल्या भाकरीकडे बघून विचारायचा, "आजी, ही बाजरी कुठल्या वाणाची?" मी म्हणायचे, "पोटात जायच्या वाणाची. खा." तो हसायचा नाही. डाव्या हातानं वही ओढायचा, काहीतरी लिहायचा आणि मग जेवायचा.

शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला मुलांना एक हंगाम खेड्यात जाऊन राहावं लागतं. त्यांनी शेतकऱ्यांकडून शिकायचं आणि शेतकऱ्यांना शिकवायचं, असा त्यात हेतू असतो. नव्वदनंतरच्या एका वर्षी आमच्या गावात, म्हणजे नेवाशाच्या अलीकडे प्रवरेच्या काठी, अशी आठ मुलं आली. सात जण शाळेच्या खोलीत राहिले. आठवा माझ्या ओसरीलगतच्या खोलीत आला, कारण गटाचे कागद उंदरांपासून सांभाळायला हवेत असं त्याचं म्हणणं होतं. शाळेपेक्षा माझ्याकडे उंदीर जास्त आहेत हे मी त्याला सांगितलं नाही. कॉलेजनं त्याला गटाचा लीडर नेमलं होतं, म्हणून गाव त्याला लीडर म्हणू लागलं. मग त्याचं नाव कोणी विचारलं नाही आणि त्यालाही त्यात काही गैर वाटलं नाही. बाकीच्या मुलांपेक्षा तो सहा-सात वर्षांनी मोठा होता. मध्येच शिक्षण सोडून त्यानं साखर कारखान्यात गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकल्या होत्या. खर्ड्याकडचा माणूस. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची.

त्याच्या खिशात गाठी मारलेली सुतळी असायची. तिनं तो दोन झाडांमधलं अंतर मोजायचा. झाडं संपली की माझ्या चुलीपासून दारापर्यंतचं अंतर मोजायचा. गळ्यात शिट्टी होती. ती वाजली की सातही जणांनी माझ्या अंगणात रांग धरायची. पहिल्या आठवड्यात सात आले, दुसऱ्यात चार, आणि पुढे शिट्टी वाजली की फक्त माझी म्हैस मान वर करायची. रोज काय केलं ते त्या मुलांना एका वहीत लिहावं लागे आणि दर शनिवारी घरमालकाची सही घ्यावी लागे. मी चौथीपर्यंत शिकले, पण वाचल्याशिवाय सही करायची नाही एवढं मास्तरांनी आमच्या डोक्यात घातलं होतं. म्हणून मी त्याची वही वाचत असे. एकदा त्यानं लिहिलं होतं, "आज पाऊस नाही. दगडूभाऊंना मी खताचं प्रमाण चुकीचं सांगितलं, नंतर पळत जाऊन बरोबर सांगितलं. आजींची म्हैस मला घाबरते." मी म्हटलं, "ती घाबरत नाही, तिला तुझा कंटाळा आलाय." त्यानं ओळ खोडली, कंटाळ्याचं लिहिलं, आणि खोडलेल्या जागी माझी वेगळी सही घेतली.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमची वीसेक घरं आणि एक लहान चर्च. एका रविवारी तो उपासनेला येऊन पुरुषांच्या बाजूला बसला. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं असतं. हा उठला आणि पेरण्याआधी बियाण्याला औषध कसं चोळावं ते दहा मिनिटं सांगत राहिला. तो खाली बसल्यावर पाळकसाहेबांच्या तोंडून सवयीनं "आमेन" गेलं. माझी जाऊ हसून हसून भिंतीला टेकली. त्या वर्षी आमच्यातल्या निम्म्या घरांनी बियाणं चोळून पेरलं, हेही सांगायला पाहिजे.

फवारणीच्या बाबतीत तर तो अंगात आल्यासारखा वागायचा. माझी चार वाफे वांगी फवारायला त्यानं माझाच पंप धुण्याच्या सोड्यानं तीनदा धुतला. मग त्यात साधं पाणी भरून ते एका भेंडीवर मारलं, आणि भेंडी कोमेजते का ते बघायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला. मी म्हटलं, "अरे, तोवर किडे म्हातारे होऊन मरतील." तो म्हणाला, "आजी, उसातलं तण मारायचं औषध पंपात थेंबभर जरी राहिलं तरी रुंद पानाचं पीक जातं." भेंडी टवटवीत राहिली तेव्हा कुठे त्यानं वांग्याला हात लावला.

त्याला बँकेत शेतकी अधिकारी व्हायचं होतं. डिसेंबरात पुण्याला मुलाखती होत्या. त्या आधी खेड्यातलं काम पुरं केल्याचा दाखला हातात हवा होता, आणि पुढच्या वर्षी त्याचं वय निघून जाणार होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच डिसेंबरात. सकाळी मी ताक घुसळत असले की तो समोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "आजी, तुम्ही चेअरमन. विचारा." मी विचारलं, "शेतकऱ्यानं शिवी दिली तर काय कराल?"

"का दिली ते बघू."

"तुमचंच चुकलेलं निघालं तर?"

"चुकलं म्हणून सांगू."

"नापास," मी म्हटलं. "साहेब माणूस असं बोलत नाही."

आमच्या बांधाला लागून दगडूचं रान. एक एकर, तेवढंच. दरवर्षी तो त्यात बाजरी घेई आणि तिच्यावर घरातली पाच माणसं जेवत. लीडर महिनाभर त्याच्या मागे लागला आणि त्यानं त्याला बाजरीऐवजी कपाशी लावायला लावली. कपाशी चांगली कमरेला आली. ऑगस्टात तिच्यावर मावा पडला तेव्हा लीडरनं ठरवलं की सगळ्या गावासमोर फवारणी करून दाखवायची. बांधावर मांडव घातला, नेवाशाहून फोटोवाला आणला, आणि सरपंचांना शाल-नारळासाठी बोलावलं. लीडरनं आपला पंप आदल्या दिवशी धुऊन, भेंडीवर तपासून ठेवला होता. सरपंच आले ते गड्याच्या पाठीवर आपला पितळी पंप घेऊनच.

"ह्यो घ्या. तुमचा डबडा फोटूत बरा दिसायचा न्हाई. गावाची इज्जत हाय."

आठवडाभर आधी तोच पंप सरपंचांच्या उसात तण मारायला फिरत होता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मी बायकांच्या पहिल्या ओळीत होते. लीडरनं तोंड उघडलं ते मी पाहिलं, आणि मिटलं तेही पाहिलं. मांडवात शाल पांघरून बसलेल्या माणसाला "पंप धुतला का" विचारणं म्हणजे "तोंड धुतलं का" विचारण्यासारखंच होतं. मीही विचारलं नाही. फोटोवाला म्हणाला, "हं, हसा." सगळा एकर त्याच पंपानं फवारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठ-दहा दिवसांत कपाशीची पानं बारीक, लांब आणि आत वळलेली झाली, कोंबडीच्या पायाच्या बोटांसारखी. सरपंच बघून गेले आणि म्हणाले, "रोग आलाय. औषध मारा." दगडू औषध आणायला निघालाच होता. लीडर सकाळपासून कपाशीत उकिडवा बसून होता. दुपारी ओसरीवर आला आणि म्हणाला, "आजी, रोग नाही. पंप आहे." मग तो वही घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही जण शिट्टीशिवाय आले. त्यांच्यात एक चष्मेवाला होता, तो सगळ्यांच्या वतीनं बोलला.

"पानं रोगासारखीच दिसतात ना? मग रोग लिही. विषय संपला."

"रोग म्हटलं तर दगडूभाऊ दिवाळीपर्यंत औषधं मारत बसतील," लीडर म्हणाला. "आज खरं कळलं तर कपाशी उपटून ज्वारीची पेरणी साधते. नाहीतर दोन्ही हंगाम गेले त्यांचे."

"मग त्यांच्या कानात सांग की. वहीत कशाला?"

"कानात सांगितलं तर सरपंच म्हणणार रोग, आणि ते सरपंचांचं ऐकणार. वहीत असलं, कॉलेजच्या सरांनी येऊन सांगितलं, तर माझं ऐकतील."

"आणि तुझा दाखला?"

त्यानं वही मिटून मांडीवर घेतली.

"हे बघ भाऊ, लीडर तू आहेस. बुडायचं तर एकटा बूड. आमच्या वहीत रोगच राहील."

"एकट्याचंच लिहिलंय," तो म्हणाला. "पंप तपासायचं काम माझं होतं. तुमचं नाव नाही. सरपंचांचंही नाही, नुसतं 'उसातला पंप' लिहिलंय."

ते गेल्यावर त्यानं वही माझ्यापुढे ठेवली. शनिवार होता. मी सगळं वाचलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. मी म्हटलं, "मूर्खा, डिसेंबरात पुण्याला जाऊन ये, मग लिही."

"डिसेंबरात ज्वारी पेरतात का, आजी?"

मी सही केली. राग आला होता. कोणाचा, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

मग तो दगडूकडे गेला. मी बांधापर्यंत गेले होते. त्यानं जे झालं ते सांगितलं, लांबण न लावता. दगडूची बायको म्हणाली, "मंग आता आमी काय ही पानं खायाची व्हय रं? बाजरी बरी हुती आमची." दगडूनं त्याच्या मुस्कटात मारली. लीडरला चष्मा नव्हता म्हणून फुटला नाही, एवढंच. तो तिथेच उभा राहिला. दगडूचाच हात खाली आला आणि तो बांधावर बसला.

दोन दिवसांनी कॉलेजचे सर आले. कपाशी बघून तेही दगडूला म्हणाले, "उपटा." दुसऱ्या दिवसापासून लीडर दगडूच्या रानात कपाशी उपटत होता. चार दिवस. दगडू त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याची बायको तिसऱ्या दिवशी बांधावर पाण्याचा तांब्या ठेवून गेली, "घे" न म्हणता. ज्वारी वेळेवर पडली. पुरेशी झाली नाही, पण झाली. हिवाळ्यात त्या घरातल्या दोघांना तरी उसाच्या तोडीवर जावंच लागलं.

सरपंच माझ्या ओसरीवर आले. म्हणाले, "मावशी, असलं मानूस घरात ठेवता व्हय तुमी? गावाला बट्टा लावला त्यानं."

मी म्हटलं, "ठेवते. तुमच्या पंपापेक्षा स्वच्छ आहे."

त्यानंतर वर्षभर माझ्या गल्लीतला दिवा लागला नाही. तेही चाललं.

सरांनी आठ वह्या वाचल्या. सातात रोग होता, एकात पंप. सर वाईट नव्हते. माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "अरे, असं लिहिल्यावर मला वर कळवावंच लागतं. चौकशी होईपर्यंत तुझा दाखला थांबणार." चौकशी डिसेंबरच्या पुढे गेली. सातही जण पुण्याला जाऊन आले. तिघांना बँका मिळाल्या, त्यांत चष्मेवाला होता. आता तो जीपमधून फिरतो आणि भेटला की वाकून नमस्कार करतो. चांगला मुलगा आहे. त्याचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही. लीडरला दाखला मिळाला तेव्हा थंडी सरली होती. त्याचा उपयोग काय, ते त्यालाच माहीत. पेटी घेऊन निघाला तेव्हा मी दळत होते. जातं थांबवलं नाही.

चार-पाच वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, तो परत दारात उभा राहिला. केस मागे गेलेले, चपलेचा अंगठा शिवलेला. कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीची पत्रकं गावोगाव वाटत होता. कायम नव्हता, हंगामापुरता. आई गेली म्हणाला. मी चहा ठेवला आणि विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही, "पस्तावतोस का रे?"

त्यानं चेअरमनला उत्तर द्यायचा तसा विचार केला. "कशाबद्दल, आजी? पंपाचं विचारलं नाही त्याबद्दल, की वहीत लिहिलं त्याबद्दल?"

"दोन्ही सांग."

"पहिल्याचं रोज वाटतं. दुसऱ्याचं आठवड्यातून दोनदा."

मी कपात चहा ओतला. तेवढ्यात बांधावरून दगडू आला. आमच्या अंगणात तो या माणसासाठी कधी पाऊल टाकेल असं मला वाटलं नव्हतं. हातात ज्वारीचं एक उपटलेलं रोप होतं. रामराम नाही, कसा आहेस नाही.

"ए लीडर. ह्ये बघ बरं. पोंगाच वाळतोय. दुकानदार म्हनतो एक, ग्रामसेवक म्हनतो एक. तू सांग काय झालंय."

लीडरनं रोप घेतलं, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सोलला, उन्हात धरला. "असं किती रोपांचं झालंय?"

"चल की, दावतो."

चहा तसाच ठेवून तो उठला. दारातून मला दोघं दिसत होते. दगडू पुढे, हा मागे, मग दोघंही ज्वारीत खाली वाकलेले, नुसत्या पाठी. त्याची नेवाशाची एसटी साडेचारची होती, त्यानंतर त्या दिवशी गाडी नव्हती. सव्वाचार झाले. साडेचार झाले. लांबून गाडीचा आवाज आला, थांबली, गेली. मी हाक मारली नाही.