मीठ, कोळसा आणि विमान

विमानाच्या इंजिनाला अर्थिंग देण्यासाठी मी जमिनीत खड्डा खणला. त्यात मीठ-कोळसा भरला, सळई ठोकली, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि उदबत्तीही लावली.

याला जबाबदार माझे साडभाऊ. जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ ढिलं अर्थिंग आहे असं मानणारा दुसरा माणूस वर्धा जिल्ह्यात नाही, आणि नाही तेच बरं. छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी काढून ते हिंगणीला परतले आणि रिकाम्या गोठ्यात स्वतःचं एका माणसाचं विमान बांधायला बसले. कुणाकडे जेवायला गेले की आधी फ्रिजमागे डोकावणार. अल्लीपूरच्या एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं थांबवून माइकची वायर तपासली. "रंगावरून करंट जात नाई," म्हणत दिसेल ते लोखंड खरवडणार. माझं नवंकोरं फाटक त्यांच्या एकाच मुक्कामात गंजायला लागलं. माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, सगळं घर गप्प बसलेलं, तेव्हा हे म्हणाले, "कनेक्शन बराबर होतं मास्तर, अर्थिंग नोतं."

मी मराठीचा मास्तर. माझ्या लेखी अर्थ असतो तो कवितेला.

ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेहुणीनं, त्यांना पोळ्यापर्यंत मुदत दिली होती. इंजिन सुरू झालं तर ठीक, नाहीतर विमान भंगारात आणि गोठ्यात कापूस. ती सकाळ उजाडली. भंगारवाल्याचा टेम्पो दारात येऊन उभा. साडभाऊ बॅटरी आणायला निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "मास्तर, इंजिनाचं अर्थिंग तेवढं पक्कं करून ठेवजा."

इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून करंट बॅटरीकडे परतायला त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. तिचा बोल्ट आवळा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी ती पट्टी सांगाड्यापासून सोडवली, तिला लांब वायर जोडली आणि माझ्या खड्ड्यात नेऊन गाडली.

साडभाऊंनी बटण दाबलं. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. परतीची वाट बंद झालेला करंट ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेतून सांगाड्याकडे धावला. तार लाल झाली, धूर निघाला. बटण सोडून साडभाऊ वायरीच्या मागेमागे चालत खड्ड्याशी आले. उदबत्तीकडे बघत राहिले.

"मास्तर, हे काय होय?"

"अर्थिंग."

"आन् उडल्यावर?"

याचा मी विचार केला नव्हता.

एरवी त्यांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसती पट्टी उकरली, पुसली आणि सांगाड्याशी बसून रंग खरवडू लागले. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ताई नवऱ्याच्या पाठीकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या, मग दारात गेल्या.

"जा बाप्पा, पुढच्या पोळ्याले येजो."

परत आल्या, जळकी तार उचलून त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. "नवी कुठी भेटते ते पाहा. कापूस बैठकीत टाकू." मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, खुट्याले बैल बांधतेत. विमान नाई."